डोंगरमाथ्यावरील भग्न किल्ल्यात नेमके पाहायचे काय?

चालतावाट (धागाकर्ता)

गेल्या वर्षी दक्षिण फ्रान्समधील मोंसेग्यूर येथे जाण्याचा योग आला. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी, सुमारे १२०० मीटर उंचीच्या एका एकाकी सुळक्यावर हा किल्ला आहे. वर पोहोचायला मला पाऊण तास लागला आणि त्यातील निम्मा वेळ धापा टाकण्यात गेला. जाण्यापूर्वी इतिहास वाचलेला होता. चर्चने पाखंडी ठरवलेल्या कॅथार या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी येथे आसरा घेतला होता. मे १२४३ पासून मार्च १२४४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा महिने, फ्रान्सच्या राजाच्या सैन्याचा वेढा पडला होता आणि शरणागतीनंतर पंथ सोडण्यास नकार देणाऱ्या दोनशेहून अधिक स्त्रीपुरुषांना १६ मार्च १२४४ रोजी जिवंत जाळण्यात आले.

वर मी दीड तास होतो. तटाला हात लावला, जंगीतून दरी पाहिली, याच भिंतीआड ती माणसे ऐन हिवाळ्यात बसून राहिली असतील असे मनाशी म्हणत राहिलो आणि, खोटे कशाला सांगू, डोळे भरून आले. खाली उतरल्यावर गावातील लहानशा संग्रहालयात समजले की ज्या भिंतीला हात लावून मी गहिवरलो, ती वेढ्याच्या वेळी तेथे नव्हतीच. वेढ्यानंतर तो मुलूख गी द लेव्ही या सरदाराच्या ताब्यात गेला आणि आज दिसणारा किल्ला त्यानंतर बांधलेला आहे. थोडक्यात, ज्यांनी वेढा घातला त्यांच्याच बाजूच्या लोकांची ती भिंत.

तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. मी पाहिले ते नेमके काय? आणि जेथे छप्पर नाही, मजले नाहीत, दारेखिडक्या नाहीत, अशा जागी जाणकार लोक तासन्‌तास काय पाहत असतात? ‘तेथील वातावरण अनुभवावे’ असे उत्तर कृपया देऊ नये. वातावरण अनुभवूनच मी फसलो आहे.

अर्धविराम

चुकीच्या भिंतीपाशी रडलात, पण योग्य डोंगरावर रडलात. निम्मे गुण द्यायला हरकत नाही.

पाथरवट

प्रश्न आवडला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. भग्न किल्ल्यात जे उभे आहे त्यापेक्षा जे नाही त्याच्या खुणा पाहाव्यात, असे माझे मत आहे.

सर्वांत आधी भिंतींतील भोके पाहा. ठरावीक अंतरावर, एका ओळीत, साधारण मूठ ते वीतभर रुंदीची चौकोनी भोके दिसली की ती बहुधा परांचीची असतात. भिंत चढत जाई तशी आडवी लाकडे भिंतीतच अडकवून त्यांवर फळ्या टाकत आणि काम संपल्यावर लाकडे काढून घेत. त्या ओळी मोजल्या की गवंड्यांनी ती भिंत किती टप्प्यांत वर नेली हे कळते. याउलट, भोके मोठी आणि खोल असतील, किंवा भिंतीची जाडी एका उंचीवर अचानक कमी होऊन पायरीसारखा कठडा उरला असेल, तर तेथे तुळया टेकलेल्या होत्या, म्हणजे तेथे मजला होता. मग मान वर करून पाहा. जमिनीपासून पंधरा-वीस फुटांवर भिंतीत एक शेकोटीची चौकट अधांतरी दिसेल. ती अधांतरी नाही. तिच्यासमोरची जमीन गेलेली आहे. तेथे कोणीतरी थंडीत पाय शेकत बसत असे. शेजारच्या खिडकीच्या जाडीत दोन्ही बाजूंना समोरासमोर दगडी बैठका असतील, तर ते राहते दालन होते. केवळ पहाऱ्याच्या जागी अशी ऐष कोणी करत नाही.

माझी सर्वांत आवडती खूण मात्र अडसराच्या भोकाची आहे. दरवाजाच्या कमानीआड दोन्ही बाजूंना, कमरेच्या उंचीवर, एकेक चौकोनी भोक शोधा. एका बाजूचे भोक टीचभर खोल असते आणि दुसऱ्या बाजूच्या भोकात हात कोपरापर्यंत, कधी खांद्यापर्यंत, जातो. अडसराचा अख्खा वासा त्या खोल भोकात सरकवून ठेवलेला असे. दार लावले की तो ओढून समोरच्या उथळ भोकात टेकवायचा. लाकडी दार जाऊन शतके लोटली तरी कोणती बाजू आतली होती हे या दोन भोकांवरून सांगता येते. मी दर वेळी त्यात हात घालतो. आतल्या दगडाच्या कडा वाशाच्या ये-जा करण्याने गुळगुळीत झालेल्या लागतात.

अर्धविराम

पाथरवटजी, त्या भोकात आता अडसराऐवजी विंचू राहत नाहीत ना, याची खात्री करून हात घालत जा.

पाथरवट

एकदा पाल निघाली होती. तेव्हापासून आधी काडी घालतो.

नदीकाठ

पाथरवट यांच्या यादीत एक भर घालते. दगडाचा रंग पाहावा. लोहाचा अंश असलेला चुनखडक साधारण अडीचशे-तीनशे अंश सेल्सियसपर्यंत तापला की लालसर होतो आणि निवल्यावर पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. शेकोटीच्या मागचा दगड गुलाबी दिसला तर नवल नाही, पण संपूर्ण भिंत, तीही तुळयांच्या खाचांच्या आसपास अधिक, लालसर दिसत असेल तर तेथे मोठी आग लागलेली असण्याची शक्यता असते.

दुसरे असे की आज आपल्याला जो उघडा, राकट दगड ‘खरा मध्ययुगीन’ वाटतो, तो त्या काळच्या माणसांना बहुधा दिसतच नसे. अनेक किल्ले आतून गिलावा केलेले आणि बाहेरून चुना फासलेले असत. लंडनच्या मुख्य बुरुजाला ‘पांढरा बुरूज’ हे नाव पडले ते तिसऱ्या हेन्रीने १२४० मध्ये त्याला चुना लावून घेतल्यामुळे. तेव्हा करड्या दगडांकडे पाहून जी भारदस्त उदासी आपल्याला वाटते ती बरीचशी पावसाने चुना धुऊन नेल्यामुळे वाटते.

कोरडाठाक

मी थोडा विरोधी सूर लावतो. भोके मोजणे आणि रंग निरखणे हे अभ्यासकांचे काम आहे. सामान्य माणसाने सुटीचा एक दिवस खर्चून दगडांचा ढीग का पाहावा, हे मला खरोखर समजत नाही. पूर्व फ्रान्समधील अल्सास प्रांतातला ओ-कोनिग्सबूर किल्ला पाहा. १६३३ मध्ये स्वीडिश सैन्याने बावन्न दिवसांच्या वेढ्यानंतर तो घेतला, त्यानंतर तो जळाला आणि अडीचशेहून अधिक वर्षे ओसाड पडला. जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याने बोडो एबहार्ट या वास्तुशास्त्रज्ञाकडून १९०० ते १९०८ या काळात तो पुन्हा उभारून घेतला. आज तेथे छपरे आहेत, स्वयंपाकघर आहे, शस्त्रे आहेत. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला तेथे अर्ध्या तासात जे समजले ते भग्न किल्ल्यात मला चाळिशीतही समजले नाही. बाकीचे किल्लेही असेच का उभारू नयेत?

कुंपणावरची

कोरडाठाक, मुलीचा मुद्दा मान्य. पण आपण सांगितलेल्या उदाहरणातच त्याचे उत्तर आहे. अल्सास तेव्हा जर्मनीकडे होता, १८७०-७१ च्या युद्धानंतर आलेला, आणि त्या डोंगरावर भव्य जर्मन मध्ययुग उभे करण्यात सम्राटाला असलेला रस केवळ पुराणवास्तूंच्या प्रेमातून आलेला नव्हता. दहा वर्षांतच, १९१८ नंतर, प्रांत पुन्हा फ्रान्सकडे गेला आणि किल्लाही. एबहार्ट यांनी अवशेषांचा कसून अभ्यास केला होता हे खरे आहे, परंतु मधल्या उंच चौकोनी बुरुजावरून तेव्हापासून वाद आहे. जेथे पुरावा संपला तेथे कल्पना सुरू झाली आणि दोन्हींना एकाच दगडाचा पोशाख चढवला गेला.

चालतावाट यांची अडचण हीच नव्हे का? त्यांना वाटले १२४४, निघाले त्यानंतरचे. पुनर्बांधणी केलेल्या किल्ल्यात हाच घोटाळा प्रत्येक खोलीत होतो. फरक इतकाच की तेथे छप्पर असल्यामुळे आपण कोरडे राहतो.

कोरडाठाक

शेवटचे वाक्य माझ्या नावावर कोटी होती असे समजतो. तरीही विचारतो: मग मुलांना दाखवायचे काय?

पाथरवट

गेदलों दाखवावे. फ्रान्समध्ये बर्गंडी प्रांतात १९९७ पासून तेराव्या शतकाच्या पद्धतीने एक नवा किल्ला बांधला जात आहे. दगड जवळच्याच खाणीतला, लाकूड भोवतालच्या जंगलातले, ओझी उचलायला माणसांनी आत चालून फिरवायचे लाकडी चाक. ती कोणत्याही जुन्या किल्ल्याची प्रतिकृती नसल्याने तेथे फसवणुकीचा प्रश्नच येत नाही. मी वर लिहिलेली परांचीची भोके तेथे तयार होताना पाहता येतात. तेथून थेट भग्न किल्ल्यावर गेले की त्या भोकांतून लाकडे बाहेर आलेली दिसू लागतात.

शब्दखोर

चर्चा चांगली चालू असताना भाषेचा खडा टाकतो, क्षमस्व. आपण सर्वजण ‘किल्ला’ हा शब्द वापरत आहोत आणि मला वाटते अर्धा घोटाळा तेथूनच होतो. किल्ला म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोठ्या शिबंदीचे लष्करी ठाणे येते. युरोपातील ही वास्तू मुळात एखाद्या सरदाराचे तटबंदी केलेले राहते घर असे. तेथे तो राहत असे, न्याय देत असे, सारा गोळा करत असे. लढाई हा अपवाद होता. शांततेच्या काळात पहाऱ्याला मूठभरच माणसे असत. त्या अर्थाने ‘गढी’ हा शब्द अधिक जवळचा आहे, पण डोंगरावरच्या वास्तूला गढी म्हणायला जीभ वळत नाही, हेही खरे.

जुनाजाणता

शब्दखोर यांच्याशी सहमत, म्हणूनच भग्न किल्ल्यात मी आधी शौचकूप शोधतो. हसू नका. तटाबाहेर लोंबणारी दगडी पेटी किंवा भिंतीतून खाली उतरणारी घसरण दिसली की तेथे माणसे वस्तीला होती हे नक्की. त्यानंतर पाणी. डोंगरमाथ्यावर विहीर खणणे अवघड, म्हणून छपरांवरचे पावसाचे पाणी टाक्यात उतरवत. टाक्याचा आकार पाहिला की तेथे किती माणसे किती दिवस तग धरू शकली असती याचा अंदाज बांधता येतो.

एक इशाराही देतो. वाटाड्यांच्या सगळ्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये. उकळते तेल ओतत असत ही त्यातलीच एक. तेल महाग होते, गरम पाणी, वाळू आणि दगड फुकट होते. उजवीकडे वळत जाणारा गोल जिना म्हणजे चढणाऱ्या शत्रूचा तलवारीचा हात अडावा म्हणून केलेली योजना, हीसुद्धा विसाव्या शतकाच्या सुरुवातीस लोकप्रिय झालेली कल्पना आहे. उलट वळणाचे जिनेही भरपूर सापडतात.

नदीकाठ

शौचकूपावरून शातो गायार आठवला. फ्रान्समधील सेन नदीकाठच्या कड्यावर इंग्लंडचा राजा रिचर्ड पहिला याने ११९६ ते ११९८ या अवघ्या दोन-तीन वर्षांत हा प्रचंड किल्ला उभारला आणि ६ मार्च १२०४ रोजी तो फ्रान्सच्या दुसऱ्या फिलिपच्या हाती पडला. फिलिपचे काही सैनिक भिंतीतील एका वाटेने आत शिरले. ही वाट शौचकूपाची होती की प्रार्थनागृहाच्या खिडकीची, हे सांगणाऱ्यावर अवलंबून असते. श्रोत्यांना कोणती आवडते हे सांगायला नको.

मला मात्र तेथे दुसऱ्याच गोष्टीने अस्वस्थ केले. वेढा पडताच खालच्या वस्तीतील लोक किल्ल्यात आसऱ्याला आले होते. धान्य पुरेना, तेव्हा किल्लेदाराने त्यांना बाहेर काढले. पहिल्या काही तुकड्यांना वेढा घालणाऱ्यांनी जाऊ दिले, मग तेही बंद केले. म्हातारेकोतारे, बायका, मुले, असे शेकडो जीव तट आणि शत्रू यांच्यामधल्या उतारावर ऐन हिवाळ्यात अडकून पडले आणि त्यांतील पुष्कळ उपासमारीने गेले. आज त्या उतारावर गवत आहे. तेथे एकही दगड उभा नाही, पाहण्यासारखे काहीच नाही, आणि तरीही मी सर्वाधिक वेळ तेथेच उभी होते.

मुक्कामपोस्ट

किल्ला पडला कसा, हाही प्रश्न विचारावा. सगळेच किल्ले वेढ्यात पडत नाहीत. शातो गायारच्या बाबतीत फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीने १५९९ मध्ये पाडण्याचा हुकूम दिला आणि दगड मठाच्या बांधकामासाठी गेले. इंग्लंडमधील कॉर्फ किल्ला यादवी युद्धात राजाविरुद्ध लढणाऱ्या पार्लमेंटच्या सैन्याने घेतला आणि १६४६ मध्ये सुरुंग लावून मुद्दाम निकामी केला. तेथील एका दरवाजाचा अर्धा भाग न फुटता तसाच खाली सरकलेला आहे. कमानीचे दोन अर्ध एकमेकांशी जुळत नाहीत, पण दोन्ही शाबूत. त्या किल्ल्याचे दगड खालच्या गावातल्या घरांत आहेत. स्लोव्हाकियातील स्पिश किल्ला १७८० मध्ये आगीत गेला.

मोंसेग्यूरच्या आसपासच्या पेरपेर्त्यूज, केरिब्यूस वगैरे किल्ल्यांची गोष्ट तर आणखी निराळी. पर्यटकांसाठी त्यांना ‘कॅथार किल्ले’ म्हणतात, पण आज दिसणारे बरेचसे बांधकाम फ्रान्सच्या राजांनी दक्षिणेकडच्या अरागॉन राज्याच्या सीमेवर करून घेतलेले आहे. १२५८ च्या तहाने सीमा तेथे पक्की झाली. १६५९ च्या तहाने ती दक्षिणेला पिरेनीजच्या माथ्यावर सरकली आणि हे किल्ले एका सहीनिशी निरुपयोगी झाले. कोणी पाडले नाहीत. गरज संपली, छपरे गळू लागली, इतकेच.

कुंपणावरची

छपरे गळू लागली, हे महत्त्वाचे. या भिंती आरपार घडीव दगडाच्या नसतात. बाहेरून-आतून घडीव चिऱ्यांची एकेक थर आणि मध्ये चुन्यात कालवलेल्या धोंड्यांची भर. वरून पाणी भरीत शिरले, ते गोठले, फुगले, की भिंत आतून सुटते. खालच्या उंचीवरचे चिरे गावकऱ्यांनी काढून नेलेले असतात, कारण तेवढेच हाताला येतात. म्हणून पुष्कळ ठिकाणी भिंत खाली खडबडीत आणि वर गुळगुळीत दिसते. नवखा माणूस समजतो की खालचा भाग जुना.

अर्धविराम

एक व्यावहारिक सूचना, विनोद नाही. पाऊस पडून गेलेल्या चुनखडकावर शतकानुशतकांच्या पावलांनी आरसा केलेला असतो. एका भग्न किल्ल्यावर मी चढताना नव्हे, उतरताना, ‘आता काय, आलेच वाहन’ अशा विचारात बसकण मारली आणि अकरा पायऱ्या त्याच आसनात उतरलो. कठडा होता, पण तो पहिल्या तीन पायऱ्यांपुरता. खोबणीदार तळाचे बूट घालावेत, दोन्ही हात मोकळे ठेवावेत आणि विजा चमकू लागल्यास वातावरण अनुभवण्यासाठी माथ्यावर थांबू नये.

जुनाजाणता

अकरा मोजल्यात, म्हणजे शुद्धीवर होता.

शब्दखोर

मूळ प्रश्नाकडे येऊ या का? चालतावाट यांना अजून कोणी सांगितलेले नाही की मोंसेग्यूरवर १२४४ चे काही उरले आहे किंवा नाही.

मुक्कामपोस्ट

उरले आहे. कॅथार लोक एका तटाआड कोंडून राहत नव्हते. माथ्यावर एक अख्खे खेडेच वसलेले होते. किल्ल्याच्या आजच्या भिंतींबाहेर, उत्तरेकडच्या अंगाला, उतारावर कोरलेल्या अरुंद पायऱ्यांसारख्या सपाट्या आहेत आणि त्यांवर घरांचे बुटके पाये उत्खननात मोकळे केलेले आहेत. गुडघ्याएवढ्या उंचीचे, ओबडधोबड. बहुतेक पर्यटक दक्षिणेच्या दरवाजाने चौकात येतात, छायाचित्रे काढतात आणि त्याच दरवाजाने परततात.

माथ्याच्या पूर्व टोकालाही पाहावे. हिवाळ्यात, रात्रीच्या अंधारात, डोंगर चढण्यात तरबेज असलेल्या सैनिकांची एक तुकडी कड्यावरून त्या टोकाला चढली आणि तेथे धोंडे फेकणारे यंत्र आणून बसवण्यात आले, तेव्हा वेढ्याचा निकाल लागला. त्या काळच्या बखरकाराने नोंदवले आहे की सकाळी आपण कोठून चढलो हे पाहून त्या सैनिकांनाच धडकी भरली. दिवसाउजेडी त्यांनी ते धाडस केले नसते. त्यानंतर शरणागतीच्या अटी ठरल्या आणि पंधरा दिवसांची मुदत मिळाली. त्या मुदतीत, सुखरूप बाहेर पडण्याची मुभा असताना, सुमारे वीस जणांनी कॅथार दीक्षा घेतली आणि ते इतरांबरोबर जाळले गेले. त्यांत सैनिकही होते.

नदीकाठ

ही वीस माणसे मला ठाऊक नव्हती.

चालतावाट (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. मुक्कामपोस्ट यांचा प्रतिसाद वाचून काल रात्री जुनी छायाचित्रे काढून बसलो. मी उत्तरेच्या दरवाजाने बाहेर पडलो होतो, हे मला आठवत होते. का, ते आठवत नव्हते. छायाचित्रात ते सापडले. बुटाची नाडी सुटली होती आणि चौकात बसायला जागा नव्हती. पत्नीने काढलेल्या त्या छायाचित्रात मी एका बुटक्या, ओबडधोबड भिंतीवर बसलो आहे, डावा पाय उजव्या गुडघ्यावर आहे आणि चेहऱ्यावर नाडीच्या गाठीखेरीज दुसरा कोणताही विचार दिसत नाही. शेजारी भिंतीवर पाण्याची बाटली ठेवलेली आहे. मागे उतार आणि तशाच आणखी दोन-तीन भिंतींच्या रेषा.

तेथे मी चार-पाच मिनिटे होतो. काहीही वाटले नाही.

पाथरवट

ते छायाचित्र येथे चढवावे, ही विनंती. बाटली शेजारी ठेवलेली आहे म्हणता, म्हणजे भिंतीची जाडी काढता येईल.